गावच्या जागेचा दर ठरवतं कोण, रस्ता की सातबारा?

पाखाडीवाला: दापोली तालुक्यात आमची 14 गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन आहे. गडग्यापलीकडे शेजाऱ्याची 12 होती. तीच लाल माती, तसेच दोन-चार रायवळ आंबे. त्याची गेल्या वर्षी विकली गेली. आम्हाला गुंठ्यामागे त्याच्या निम्मेही कोणी देईना. त्याच्या जागेत टेम्पो जातो, आमच्याकडे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं. दर रस्ताच ठरवतो. समुद्र दिसतो वगैरे नंतर.

तेवीस नावं: साफ चूक. वाट मागता येते, महसूल संहितेचं कलम 143 आहे, तहसीलदाराकडे अर्ज करा. आमच्या अंगणात गाडी येते, पण 9 गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर 23 नावं! निम्मी माणसं वारली, वारसनोंदी नाहीत, एक चुलते बडोद्याला ते फोनच उचलत नाहीत. गिऱ्हाईकाने उतारा पाहिला आणि चहा न घेता उठला.

पाखाडीवाला: 143 ने मिळते ती बांधावरची वाट, शेतीसाठी. तिथून बांधकामाच्या चिऱ्यांचा ट्रक नेऊन दाखवा, मग बोलू. आणि सह्या काय, पैसे दिसले की बडोद्याहूनही येतात.

तेवीस नावं: येतात की! पण आल्यावर प्रत्येकाला वाटतं आपलीच सही शेवटची, आणि शेवटच्या सहीचा भाव वेगळा.

घेणारा: दोघंही विकणाऱ्याच्या ओटीवर बसून बोलताय. मी दोन वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात फिरतोय. शेतजमीन घ्यायची तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे आधी शेतकरी असल्याचा पुरावा हवा. निम्मे मुंबईकर तिथेच गळतात. मोठ्या नंबरातून 5 गुंठे तोडून द्या म्हटलं तर तुकडेबंदी, 2023 पासून जिरायतीला किमान 20 आणि बागायतीला किमान 10 गुंठ्यांची मर्यादा. किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर बंधनं. एवढ्या चाळणीतून खाली उतरतात किती गिऱ्हाईकं? दर तेच ठरवतात. पाखाडीवाले, तुमचं खरं गिऱ्हाईक तर एकच: गडग्यापलीकडचा नवा मालक. त्याच्या गेटातून तुमच्या जागेत ट्रक जाईल.

पाखाडीवाला: तो गणपतीत येऊन गेला. ओटीवर बसून दोन करंज्या खाल्ल्या नि म्हणाला, "काका, पाखाडीची जागा, माझ्याशिवाय घेणार कोण?"

तेवीस नावं: 😄 आणि दर?

पाखाडीवाला: निम्म्याच्याही निम्मा.