मदत हवी आहे: अष्टांगच्या वर्कशॉपसाठी कोणती नी कॅप घ्यावी? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ
नमस्कार. घाईत आहे, म्हणून थेट विचारते. पुढच्या शुक्रवारपासून कोल्हापुरात चार दिवसांचं अष्टांग योगाचं वर्कशॉप आहे, शिकवायला बाहेरून सर येणार आहेत. अर्धी फी भरली, उरलेली रविवारी संध्याकाळपर्यंत भरायची आहे. गुडघा जरा कुरकुरतोय, म्हणून नी कॅप घालून करायचा विचार आहे. कोणती घेऊ? साधी मोज्यासारखी, वाटीपाशी भोक असलेली, की बाजूला पट्ट्या असलेली? ती घालून मरीच्यासन ड (एक पाऊल मांडीवर ठेवून पीळ घ्यायचा, हात मागे बांधायचे) जमतं का? राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला कुठे चांगली मिळते तेही सांगा. डॉक्टरांकडे जा हे मला माहीत आहे, ते कृपया लिहू नका.

जुनी_तालीम
ताई, पट्टा बांधला की गुडघा आळशी होतो, हे आमचे वस्ताद पहिल्याच दिवशी सांगायचे. पंधरा वर्षं तालमीत काढली, एकदाही गुडघ्याला काही बांधलं नाही. मांडीत ताकद नसली की गुडघा बोलतो. रोज पहाटे पन्नास बैठका घाला, आठवड्याने शंभर करा. रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळा. महिन्यात फरक पडला नाही तर नाव बदलीन.

पहाटे_साडेपाच
बैठका आत्ता नकोत, थांबा. रंकाळाकाठ, कोणता गुडघा? आतून दुखतो, बाहेरून की वाटीखाली? कधीपासून? कोणत्या आसनात? सूज आहे का? मांडी घालून उठताना मध्येच अडकतो का? तुमचा क्लास मोजणीचा (शिक्षक मोजतात, सगळे एकत्र करतात) आहे की म्हैसूर पद्धतीचा (प्रत्येक जण आपल्या श्वासाने)? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नी कॅपचं काय सांगणार?

सूत्रपाठ
'अष्टांग' हा शब्द आपण कशासाठी वापरतोय हे आधी पाहायला हवं. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी ही पतंजलींनी सांगितलेली आठ अंगं (योगसूत्र २.२९). आसन त्यातलं तिसरं. आणि आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' (२.४६). जिथे सुख नाही ते आसनच नाही. यमांमधला पहिला यम अहिंसा, ती स्वतःच्या शरीरालाही लागू आहे.

पहाटे_साडेपाच
सूत्रपाठ, तुमचं म्हणणं मान्य, पण त्या विचारतायत ते पट्टाभि जोइस यांनी म्हैसूरला शिकवलेल्या विन्यास पद्धतीबद्दल. १९४८ पासून तिथे त्यांची संस्था होती. ठरलेल्या क्रमाची आसनं, प्रत्येक हालचालीला एक श्वास. लोक तिलाच अष्टांग म्हणतात. मरीच्यासन ड असं अक्षर लावून कुणी बोललं की समजायचं ते हेच.

सूत्रपाठ
लोक म्हणतात म्हणून अर्थ बदलत नाही. माझा आक्षेप नावालाच आहे. तिसऱ्या अंगाला आठही अंगांचं नाव दिलं की बाकीची सात कुणी विचारत नाही. वीस वर्षं सूत्रं शिकवतोय, वर्गात येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना यम-नियम सांगता येत नाहीत.

रंकाळाकाठ
डावा गुडघा. आतल्या बाजूने. तीन आठवडे झाले. सूज नाही (पहिले दोन दिवस होती). वय ४३. क्लास सकाळी सहाचा, ताई मोजतात, मी चौदा महिने जातेय. प्रायमरीत (अष्टांगच्या पहिल्या आसनक्रमात) मरीच्यासन क पर्यंत दिलंय. मला नाव आणि सूत्रं यावर चर्चा नको होती. नी कॅपचं कुणी सांगेल का?

राजारामपुरी_सातवी
रुमाल टाकून ठेवतो. मलाही क्लास हवा आहे. हा सहाचा क्लास कुठे आहे आणि महिन्याची फी किती? शिवाय माझी मॅट घामाने सरकते, अधोमुख श्वानासनात हात पुढे पुढे जातात. रबराची मॅट इथे कुठे मिळते?

फिजिओ_मिरज
सूज 'पहिले दोन दिवस होती' हीच मोठी गोष्ट आहे, ती कंसात ठेवू नका. अर्धपद्मात पाय वळायला हवा तो खुब्यातून. खुबा पुरेसा बाहेर वळला नाही आणि तरीही पाऊल मांडीवर चढवलं, तर उरलेला पीळ गुडघ्यात जातो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो-मिटतो, वाकलेला असताना थोडासाच वळू शकतो. म्हणून आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) किंवा तिथला बंध (लिगामेंट) दुखावतो. साध्या नी कॅपने ऊब मिळते, आधार असल्यासारखं वाटतं, पण पीळ ती थांबवत नाही. उलट गुडघ्यामागे कापडाची घडी आली की पाय पूर्ण मिटत नाही आणि अर्धपद्म अजून वाईट बसतं. पट्ट्यावाली तर आसनात वाकणारच नाही.

इथून तपासल्याशिवाय नेमकं काय दुखावलंय हे मी सांगणार नाही. तीन गोष्टी सांगा: झालं तेव्हा 'कट्' असं काही जाणवलं का? जिना उतरताना गुडघा दगा देतो का? आणि झालं कसं?

पुण्याहून
म्हणूनच मी अय्यंगार पद्धतीकडे वळले. वीट, पट्टा, लोड, खुर्ची घेऊन शरीर आहे तिथून सुरुवात होते. पुण्याच्या संस्थेत १९७५ पासून हे शिकवतायत. त्या मोजणीच्या मागे धावण्यात गुडघे जाणारच. नी कॅपचे पैसे दोन विटा आणि एका पट्ट्यावर घाला.

पहाटे_साडेपाच
पद्धतीला दोष देऊ नका. बी.के.एस. अय्यंगार आणि पट्टाभि जोइस दोघेही म्हैसूरच्या योगगुरू कृष्णमाचार्यांचेच शिष्य. म्हैसूर पद्धतीत प्रत्येक जण आपल्या श्वासाने करतो, जिथे अडतो तिथे थांबतो, पुढचं आसन शिक्षक देतील तेव्हाच. यात धावणं कुठे आलं? धावणं येतं ते चार दिवसांत सगळी प्रायमरी करून घेतात तिथे.

पुण्याहून
पण धाग्यात तेच चार दिवसांचं विचारलंय ना? कोल्हापुरात रोज म्हैसूर पद्धतीने शिकवणारे किती आहेत?

रंकाळाकाठ
'कट्' नाही, पण आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. जिना उतरताना नाही, ज्योतिबाला पायऱ्या उतरताना मात्र दोनदा झालं. कसं झालं म्हणजे, तीन आठवड्यांपूर्वी शनिवार-रविवार दुसरं एक वर्कशॉप केलं होतं, बाहेरगावी. तिथल्या शिक्षकांनी मरीच्यासन ड करायला लावलं. माझा गुडघा जमिनीला टेकत नव्हता. त्यांनी मागून धरून मांडी खाली दाबली आणि हात बांधून दिला. त्या क्षणी मला आनंदच झाला होता, खरं सांगते. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हात पोहोचला. रात्री गुडघा सुजला. शुक्रवारचे सर वेगळे आहेत, ते चांगले आहेत असं ऐकलंय.

पहाटे_साडेपाच
तुमच्या क्लासच्या ताई काय म्हणाल्या?

रंकाळाकाठ
त्यांना सांगितलेलं नाही.

पहाटे_साडेपाच
का?

रंकाळाकाठ
त्या जाऊ नको म्हणाल्या होत्या. 'ड अजून तुला दिलेलं नाही, तुझा डावा खुबा अजून उघडला नाही' असं म्हणाल्या होत्या. मी घरी काम आहे सांगून गेले. आता कुठल्या तोंडाने सांगू? तीन आठवडे रोज समोर बसून अर्धपद्म करतेय. डावीकडे त्या आल्या की दात दाबून धरते, त्यांना कळू नये म्हणून. नी कॅप पँटच्या आतून दिसणार नाही अशी हवी आहे, ते आधी लिहायचं राहिलं.

फिजिओ_मिरज
तीन आठवडे रोज त्याच पिळात? आजपासून बंद करा, वर्कशॉप लांबची गोष्ट. आणि तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) बाह्यरुग्ण विभाग आहे. ओढल्यासारखं होणं, रात्री सूज, पायऱ्या उतरताना दगा, हे हात लावून तपासायचंच दुखणं आहे. गुडघा अडकून सरळच होईना, तर त्याच दिवशी जा.

जुनी_तालीम
पिळाचं दुखणं आहे हे माहीत नव्हतं. बैठका नकोत, शब्द मागे घेतो. पण एक सांगतो. तालमीत पट्ठ्या दुसऱ्या गावच्या मैदानात पाय मुरगाळून आला की पहिल्यांदा वस्तादाच्या पाया पडतो आणि सांगतो. वस्ताद रागावतो, शिव्या देतो आणि मग स्वतः हळदीचा लेप लावतो. जो लपवतो त्याचा पाय खासबागेच्या कुस्ती मैदानात सगळ्यांसमोर जातो. माझ्या जोडीदाराचा गेला. वस्तादाला त्याचं पाऊल बघूनच कळलं होतं, तो पोरगा सांगेल म्हणून वाट बघत होते. तुमच्या ताईंनाही कळलं असणार.

पन्हाळा_वाट
इथे सगळे बाहेरच्या शिक्षकांवर उठलेत म्हणून लिहिते. मी सांगलीत राहते, रोजचा शिक्षक नाही, एकटीच करते. वर्षातून दोनदा वर्कशॉपला जाते आणि तेवढ्यावर माझा सराव उभा आहे. मूलबंध (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर ओढून धरणं) म्हणजे काय हे सहा वर्षं मला कळलं नव्हतं, एका पाहुण्या बाईंनी नवासनात पोटाला हातही न लावता, फक्त श्वास कुठे सोडायचा ते सांगून कळवलं. पण मी पहिल्या सकाळी, चटई घालायच्या आधी जाऊन सांगते: उजवा खांदा जुना दुखावलेला आहे, तिथे दाबू नका. आजवर कुणाला राग आला नाही. ज्यांना येईल त्यांच्याकडे मी थांबणार नाही.

पहाटे_साडेपाच
पन्हाळा_वाट, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही सांगता, या लपवतायत. चार दिवसांसाठी आलेल्या माणसासमोर तीस अनोळखी पाठी असतात. तो तुमचा त्या दिवशीचा खुबा बघतो. ताईंनी चौदा महिने बघितलाय.

रंकाळाकाठ, गुडघा कुठे कुठे सापडतो ते मोजा. उभ्याने अर्धबद्ध पद्मोत्तानासन, बसून अर्धबद्ध पद्म पश्चिमोत्तानासन, मरीच्यासन ब आणि ड, पुढे गर्भपिंडासन, कुक्कुटासन, शेवटी ऊर्ध्व पद्मासन, पिंडासन, बद्धपद्मासन. जानुशीर्षासन क मध्ये पद्म नाही, पण गुडघ्याला तेही कठीण. एवढं सगळं नी कॅपने झाकायचं कसं? त्या-त्या जागी डावं पाऊल जमिनीवर ठेवता येतं, पण तसं करायला परवानगी द्यायची ती ताईंनीच.

सूत्रपाठ
नावाचा वाद मी पुन्हा काढत नाही. एक सूत्र मात्र इथे खरंच लागू पडतं: 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः' (१.१४). दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने केलेला अभ्यास घट्ट होतो. तुमच्याकडे चौदा महिने आहेत, खंड नाही. तिसरी गोष्ट तेवढी बघा. आणि दुसरा यम सत्य आहे.

राजारामपुरी_सातवी
क्लासचा पत्ता कुणी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) दिला तरी चालेल.

रंकाळाकाठ
दोन दिवसांनी लिहितेय. काल क्लास संपल्यावर थांबले आणि सगळं सांगितलं. जुनी_तालीम, तुम्ही म्हणालात तसंच झालं, त्यांना माहीत होतं. डावीकडे माझा श्वास तुटतो हे त्यांनी पहिल्याच सोमवारी ऐकलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणजे गुडघ्यावरून नाही, 'घरी काम आहे' वरून खूप रागावल्या. मी रडले. मग त्यांनी मला शेजारी बसवून चहा दिला.

डॉक्टरांना दाखवलं. आतल्या बाजूचा बंध ताणलाय, अडकत नसल्यामुळे गादीचं एवढ्यात काही करायचं नाही म्हणाले. सहा आठवडे पद्म नाही, उकिडवं बसणं नाही, फिजिओचे व्यायाम. फिजिओ_मिरज, मनापासून आभार. ताईंनी मला सूर्यनमस्कार, उभी आसनं आणि शेवटची आसनं दिलीत, पद्म सगळीकडे गाळून. डावा पाय सुखासनातही उशीवर.

वर्कशॉपच्या आयोजकांना फोन केला. उरलेली फी नको म्हणाले, भरलेल्या पैशांत चारही दिवस कडेला बसून बघायला या म्हणाले. ताई म्हणाल्या, जा. आता एवढंच विचारायचंय की नुसतं बघायला बसायचं तर काय बघू? वही नेऊ का?

पहाटे_साडेपाच
वही न्याच. पहिल्या दिवशी फक्त मोजणी लिहा. सूर्यनमस्कार अ चे ९ विन्यास, ब चे १७. कुठल्या आकड्याला श्वास आत आणि कुठल्याला बाहेर, ते स्वतः करताना कानावर पडत नाही, बसून ऐकलं की पडतं. दुसऱ्या दिवशी आकडे सोडा, दृष्टी कुठे जाते ते लिहा, नाक, नाभी, हाताचा अंगठा, पायाची बोटं. तिसऱ्या दिवशी तुमच्यासारखा घट्ट खुबा असलेली एक व्यक्ती शोधा आणि अर्धपद्मात ती आधी काय मिटते, काय वळवते, तेवढंच बघा. टाच मांडीच्या मुळाशी पूर्ण मिटल्यानंतर जी वळवते तिच्याकडून शिका. चौथ्या दिवशी काही लिहू नका.

पन्हाळा_वाट
मी येतेय त्या वर्कशॉपला. दाराजवळ बसा, वारा लागतो. आणि राजारामपुरी_सातवी, मॅट सरकते त्यावर एक पातळ सुती चादर घाला, कडेला थोडं पाणी शिंपडा. हात थांबतील.