स्विच 'ऑन', कॅमेरा अजून झोपेत: हे आपण का चालवून घेतो?

उघडझाप (धागाकर्ता)

कॅमेऱ्याचं नवं मॉडेल आलं की चर्चा कशावर होते? मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, डोळे ओळखणारा फोकस, एट-के व्हिडिओ. स्विच फिरवल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, हे विचारणारा एखादाच. सेकंदाला तीस फ्रेम काढणारं यंत्र पहिल्याच फ्रेमला दीड-दोन सेकंद लावत असेल, तर त्या तीस फ्रेमचं काय लोणचं घालायचं?

हा प्रश्न एकदा सुटलेला होता, म्हणून जास्त राग येतो. २००३ च्या सुमारास डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारे कॅमेरे) सुद्धा चालू व्हायला दोन-तीन सेकंद घ्यायचे. २००४ मध्ये निकॉन डी७० आणि कॅनन २०डी आले. २०डीचा कंपनीनेच दिलेला आकडा ०.२ सेकंद. बोट स्विचवरून शटरवर येईपर्यंत कॅमेरा तयार. पुढे बरीच वर्षं डीएसएलआरवाल्यांना हा विषयच उरला नाही. मग मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले कॅमेरे आले आणि आपण पुन्हा काळ्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभे.

बरं, मोजायची पद्धत नाही म्हणावं, तर तीही आहे. आयएसओ १५७८१ हे मानक २०१३ पासून आहे. शटर दाबल्यावरचा विलंब, फोटोंचा वेग आणि चालू व्हायला लागणारा वेळ, हे सगळं कसं मोजायचं ते त्यात ठरवून दिलंय. तरी माहितीपत्रकात 'एका चार्जवर किती फोटो' हा सीपाच्या (जपानमधली कॅमेरा कंपन्यांची संघटना) पद्धतीने काढलेला आकडा हमखास असतो, आणि चालू व्हायचा वेळ बहुतेक वेळा गायब. जो आकडा कोणी मागत नाही, तो सुधारायची घाई कोणाला?

माझं म्हणणं असं की हा उशीर तंत्रज्ञानामुळे कमी आणि कंपन्यांच्या प्राधान्यक्रमामुळे जास्त आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

जुना_गडी

मुळात कॅमेरा बंद कशाला करता? माझा स्विच दिवसभर चालूच असतो. डीएसएलआरमध्ये आरशातून भिंगातलं थेट दिसतं, त्यासाठी वीज लागत नाही. प्रकाश मोजणारं मीटर झोपलं की खर्च नगण्य. निकॉन डी८५० सीपाच्या मोजणीत एका चार्जवर १८४० फोटो देतो. मिररलेसवाल्यांनीही स्लीपवर ठेवावा आणि कॅमेरा डोळ्याकडे नेता नेताच शटर अर्धं दाबावं. सवयीचा प्रश्न आहे, कंपन्यांच्या नावाने खडे फोडून काय होणार?

उघडझाप

@जुना_गडी, डीएसएलआरपुरतं मान्य. मिररलेस गळ्यात अडकवून जरा चालून बघा. व्ह्यूफाइंडरपाशी डोळा ओळखणारा सेन्सर असतो, तो पोटाला टेकतो. कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी बघतंय. पडदा बंद, व्ह्यूफाइंडर चालू, आणि काही मॉडेल्स तर या गोंधळात झोपतच नाहीत. आपण शर्टाच्या बटणाला लाइव्ह दृश्य दाखवत हिंडतो आणि फोटो काढायच्या वेळी बॅटरीची लाल खूण लुकलुकते. म्हणून लोक स्विच बंद करतात. त्याला आळस किंवा वाईट सवय म्हणू नका.

सर्किट_बोर्ड

धागाकर्त्यांशी असहमत. २००४ च्या डीएसएलआरशी तुलनाच चुकीची आहे. त्या कॅमेऱ्याला 'तयार' म्हणवून घ्यायला सेन्सर चालवून चित्र दाखवावं लागत नव्हतं. दाखवायचं काम आरसा करायचा. मिररलेसला आधी सेन्सर जागा करावा लागतो, त्यातून सतत चित्र वाचावं लागतं, त्यावर प्रक्रिया करून व्ह्यूफाइंडरच्या इवल्याशा पडद्यावर टाकावं लागतं. हे झाल्याशिवाय तुम्हाला काहीच दिसत नाही.

शिवाय बाकीची कामं. फर्मवेअर (कॅमेऱ्याचा आतला प्रोग्रॅम) मेमरीत चढतं. भिंगाशी बोलणं होतं: कोणतं भिंग, छिद्र कुठे आहे, फोकस कुठे आहे, दुरुस्तीची माहिती काय. सेन्सर हलवून स्थिर करणारी यंत्रणा असेल तर तो सेन्सर मध्यावर आणून धरावा लागतो. काही मॉडेल्स धूळ झटकायला सेन्सर थरथरवतात. पॉवर झूम भिंग असेल तर नळी बाहेर यायचा वेळ वेगळा.

आणि कार्ड. एसडीच्या मानकानुसार कार्डाला तयार व्हायला एक सेकंदापर्यंत मुभा आहे. चांगली कार्डं त्याच्या बरीच आधी तयार होतात, पण मुभा आहे. नंतर फाइल सिस्टीम वाचायची, डीसीआयएम या फोटोंच्या फोल्डरमध्ये शेवटचा क्रमांक शोधायचा, मोकळी जागा काढायची. फॅट३२ (कार्डावर फाइलींचा हिशोब ठेवायची एक पद्धत) मध्ये मोकळ्या जागेची नोंद असते, पण ती जुनी किंवा चुकीची असू शकते. त्यामुळे तिच्यावर विसंबायचं नसेल तर सगळं टेबल वाचून हिशोब करावा लागतो. हजारो फोटो साठलेल्या कार्डावर कॅमेरा रेंगाळला तर हे कारण असू शकतं.

कंपन्या मुद्दाम वेळ काढतात असं म्हणणाऱ्याने यातलं कोणतं काम गाळायचं ते सांगावं.

उघडझाप

सांगतो. कार्ड. पहिला फोटो काढायला कार्ड कशाला हवं? कॅमेऱ्यात बफर म्हणजे तात्पुरती मेमरी असते, भराभर काढलेले डझनावारी रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो त्यात मावतात. पहिले दोन-चार फोटो बफरमध्ये घ्या, तोवर मागे कार्डाची ओळखपरेड चालू दे. धूळ झटकणंही थांबवता येतं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये सफाई चालू असताना शटर अर्धं दाबलं की सफाई सोडून कॅमेरा लगेच तयार होतो. म्हणजे फोटोग्राफर आधी, घरकाम नंतर, हा विचार एकेकाळी होत होता.

सर्किट_बोर्ड

आणि कार्ड लॉक केलेलं निघालं तर? भरलेलं निघालं तर? नवरीने अंतरपाटाकडे पाहिलेलं तुमच्या बफरमध्ये असेल आणि पडद्यावर 'कार्डावर लिहिता येत नाही' अशी सूचना. शिव्या कोणाला बसतील?

उघडझाप

तेव्हा कार्ड बदलून बफर रिकामा करायची सोय द्या. अशक्य आहे का? नाही. करायचंय का? तेही नाही.

खिशात_मावतो

तुम्ही सगळे मोठ्या कॅमेऱ्यांवर भांडताय. खरा छळ आम्हा कॉम्पॅक्टवाल्यांचा. नळी पुढे सरकते, भिंगावरचं झाकण उघडतं, मोटर कुरकुरते, मग चित्र. त्यातही रिको जीआर ३ सारखा कॅमेरा आहेच की. २०१९ चा, एकाच फोकल लेंथचा (म्हणजे झूम नसलेला), कंपनी ०.८ सेकंद सांगते. नळी त्यालाही बाहेर काढावी लागते, पण जराशीच. झूम भिंगाला तेवढ्या वेळात ते जमणं कठीण. तेव्हा झूम हवा की वेग, हे घेणाऱ्याने ठरवावं.

जुना_गडी

त्याच जीआर ३ चा बॅटरीचा आकडा सांगा ना. सीपाच्या मोजणीत २००. झटपट जाग येण्याची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच.

खिशात_मावतो

@जुना_गडी, ओढूनताणून संबंध लावू नका. बॅटरीच एवढीशी आहे, कारण कॅमेरा एवढासा आहे. त्याचा चालू होण्याशी काय संबंध?

सर्किट_बोर्ड

संबंध थोडा आहे, पण जुना_गडी म्हणतात तसा नाही. सीपाच्या बॅटरी चाचणीत दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात. म्हणजे चालू होताना लागणारी वीज त्या आकड्यात धरलेलीच असते. सुरुवात लवकर आणि कमी विजेत उरकली तर बॅटरीचा आकडाही सुधारेल. त्यामुळे कंपन्यांचं याकडे लक्षच नाही, हे पटत नाही.

उघडझाप

लक्ष विजेकडे आहे, वेळेकडे नाही. प्रोसेसर दमादमाने जागा केला आणि वीज वाचली तरी तो आकडा छानच दिसेल. आणि वेळेचा आकडा छापायचा नसल्यावर पारडं कुठे झुकणार, सांगायला नको.

फोनच_बरा

एवढी मारामारी कशासाठी? फोन काढा, बाजूचं बटण दोनदा दाबा, कॅमेरा हजर.

पक्षीवेडी

@फोनच_बरा, फोन बंद कधी असतो हो? तो कायम अर्धवट जागा असतो आणि रोज चार्जरला लागतो. पूर्ण बंद केलेला फोन चालू करून फोटो काढून दाखवा, मग बोलू.

फोनची दुसरी करामत मात्र खरी आहे. कॅमेरा ॲप उघडं असताना फ्रेम मेमरीत फिरत असतात, आणि तुम्ही बटण दाबता तेव्हा आधीच पकडलेली फ्रेम उचलली जाते. हेच ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम१ मार्क २ मध्ये 'प्रो कॅप्चर' नावाने आणलं. शटर अर्धं दाबून धरा, पूर्ण दाबलंत की दाबण्याच्या आधीचे फोटोही मिळतात. खंड्या फांदीवरून सुटताना माणसाचं बोट कायम उशिरा पडतं, त्यावर हा इलाज.

म्हणून माझ्यासाठी चालू व्हायचा वेळ हा मुद्दाच नाही. मी कॅमेरा चालू करूनच दबा धरून बसते. ज्यांना आधी कळतच नाही काय होणार आहे, म्हणजे रस्त्यावरचे फोटो काढणारे आणि लहान मुलांचे आईबाप, त्यांचं दुखणं वेगळं. आधीचे फोटो देणारी यंत्रणाही कॅमेरा जागा असेल तरच चालते, त्यांना ती निरुपयोगी. या एका बाबतीत धागाकर्त्यांशी सहमत.

खिशात_मावतो

+१

सर्किट_बोर्ड

ज्यांना खरंच त्रास होतोय त्यांनी आधी वेळ कुठे जातो ते शोधावं. फोनवर व्हिडिओ लावून स्विच फिरवा आणि व्ह्यूफाइंडर उजळेपर्यंतच्या फ्रेम मोजा. मग कार्ड काढून तेच करा. मग भिंग काढून. मग ब्लूटूथ, वायफाय बंद करून. बॅटरी बदलल्यानंतरची पहिली सुरुवात धरू नका, काही मॉडेल्सना तेव्हा जास्त वेळ लागतो. कार्ड काढल्यावर फरक पडला तर फोटो उतरवून घेऊन कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. सफाई केव्हा करायची हे काही मॉडेल्सच्या मेनूत निवडता येतं, ती फक्त बंद करताना ठेवा.

उघडझाप

सफाईचं करून बघतो. पण बंद करताना सफाई चालत असेल, तर ते कारखान्यातूनच तसं का येत नाही?

सर्किट_बोर्ड

कारण बॅगेत भिंग बदललं आणि पहिल्याच फोटोत आकाशात ठिपका दिसला, की तुम्हीच 'सफाई आधी का होत नाही' म्हणून धागा काढाल.

उघडझाप

काढेन की. तोवर फ्रेम मोजून इथेच टाकतो. बाकीच्यांनीही टाका, कोणतं भिंग आणि किती भरलेलं कार्ड तेवढं सोबत लिहा.