पेशीभित्तिका की पेशीकवच?

तळटीप: जिवाणूंवरचा लेख मराठीत करते आहे. सेल वॉलला मी 'पेशीकवच' लिहिलं, संपादकांनी खोडून 'पेशीभित्तिका' केलं. भित्तिका म्हटलं की दगडविटांची भिंत डोळ्यांपुढे येते. इथे तर पेशीभोवती विणलेली पिशवी आहे! कवच काय वाईट?

सूक्ष्मदर्शी: संपादकांचं बरोबर आहे. कवच कॅप्सूलसाठी राखून ठेवा. तो भित्तिकेच्याही बाहेरचा, बहुधा शर्करांचा थर. सगळ्या जिवाणूंना नसतो. दोन्हींना कवच म्हटलंत तर न्यूमोकॉकसपाशी अडकाल, न्यूमोनियाच्या त्या जिवाणूला दोन्ही असतात. पिशवीचं मात्र पटलं. भित्तिका म्हणजे एनएजी आणि एनएएम या शर्करा आलटूनपालटून जोडलेल्या साखळ्या, आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो आम्लांचे आखूड दुवे. पेनिसिलिन हे सांधेच होऊ देत नाही, मग आतल्या दाबाने पेशी फुटते.

नीलपक्षी: कॅप्सूलला आम्ही 'संपुट' म्हणायचो. म्हणजे कवच मोकळंच आहे.

शब्दवेडा: या जाळीच्या द्रव्याचं, पेप्टिडोग्लायकनचं, दुसरं नाव म्युरीन, लॅटिन 'मूरुस' म्हणजे भिंत. काही जिवाणूंच्या भित्तिकेतल्या टायकोइक आम्लाच्या नावातही ग्रीक 'टायखोस', तटबंदी. माझं मत 'पेशीतट'ला.

सूक्ष्मदर्शी: तट अडवतो. ही जाळी लहान रेणूंना खुशाल आत सोडते. निवड करतं ते आतलं पेशीपटल.

नीलपक्षी: त्यापेक्षा जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या जिवाणूंची 'ग्रॅम-धन' आणि 'ग्रॅम-ऋण' ही नावं आधी बदला. मुलांना विद्युतभार वाटतो, आणि पृष्ठभागावर तर दोघांच्याही सहसा ऋणभारच असतो! ग्रॅम यांनी १८८४ मध्ये रंगवण्याची पद्धत दिली, भार मोजला नव्हता. 'रंजित' आणि 'अरंजित' म्हणा.

सूक्ष्मदर्शी: अरंजित कसे? अल्कोहोलने जांभळा रंग गेला तरी सॅफ्रानिन या दुसऱ्या रंगाने ते गुलाबी होतातच. सरळ ग्रॅम पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह लिहा. लॅबच्या रिपोर्टवर तेच असतं.

शब्दवेडा: रिपोर्टवर असतं म्हणून मराठीने हात टेकायचे? 'रंगधारी' आणि 'रंगत्यागी' घ्या.

नीलपक्षी: त्याग कसला? अल्कोहोल ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाहेरचं पटल विस्कटतं, आतली भित्तिका पातळ, रंग धुऊन जातो. जिवाणू स्वतःहून काही सोडत नाही.

तळटीप: मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचं काय करू? त्यांना भित्तिकाच नाही, जांभळा रंगही धरत नाहीत. त्यांनाही ऋण म्हणायचं?

सूक्ष्मदर्शी: नको, तो निकष त्यांना लावूच नका. 'भित्तिकाहीन' लिहा.

शब्दवेडा: 'हीन' कशाला? उणीव वाटते. 'भित्तिकारहित' म्हणा.

नीलपक्षी: रहित म्हणजे तरी काय वेगळं? 'विनाभित्तिका' चालेल का?