मदत हवी आहे: इटलीच्या ५व्या आल्पिनी रेजिमेंटचं १९४३ नंतर काय झालं?

नमस्कार मंडळी. इटलीच्या पहाडी पायदळाचा, म्हणजे आल्पिनींचा इतिहास वाचतोय आणि ५व्या रेजिमेंटपाशी अडलोय.

आल्पिनी दल १८७२चं, ही रेजिमेंट १८८२ची. दुसऱ्या महायुद्धात तिच्या बटालियन होत्या मोर्बेन्यो, तिरानो आणि एदोलो. ही तिन्ही नावं उत्तर इटलीतल्या लोम्बार्दी प्रांतातल्या डोंगराळ गावांची, आणि भरतीही मुख्यतः त्याच खोऱ्यांतली. त्यामुळे एक बटालियन कापली गेली की एकाच खोऱ्यात घरोघरी सुतक. हे वाचल्यापासून मनातून जात नाही.

१९४२ मध्ये आल्पिनींना रशियात पाठवलं ते कॉकेशसच्या डोंगरांत लढायला. प्रत्यक्षात उभं केलं डॉन नदीकाठच्या सपाट मैदानात, खेचरांसकट! जानेवारी १९४३च्या माघारीत, २६ तारखेला, आर्नाउतोव्होजवळ तिरानोची फार माणसं पडली. त्याच दिवशी निकोलायेव्हका इथे त्रिदेन्तिना डिव्हिजनने (ही रेजिमेंट याच डिव्हिजनमधली) सोव्हिएत वेढा फोडला, म्हणून हजारो जण बाहेर पडू शकले.

माझा प्रश्न पुढचा आहे. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी जाहीर झाली तेव्हा वाचलेले जवान नेमके कुठे होते? किती जण जर्मनांच्या हाती लागले, किती पार्टिझनांना, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी तुकड्यांना, मिळाले? बटालियनवार माहिती मिळाली तर फारच उत्तम. आणि एखाद्या सैनिकाची सेवानोंद इटलीच्या सरकारी अभिलेखागारातून मागवायची तर अर्ज कसा करतात? इटालियन वाचणारं कुणी असेल तर कृपया सांगा, मजकूर इटालियनमध्ये असला तरी चालेल.