भारतीय टीमचा १९११ चा इंग्लंड दौरा, ११४ विकेट खऱ्या का?

गिरगावकर: काल मरीन ड्राइव्हला हिंदू जिमखान्यासमोरून जाताना आजोबा म्हणाले इथल्या पालवणकर बाळूंनी इंग्लंडला ११४ विकेट काढल्या, मला वाटलं आजोबा नेहमीसारखं वाढवून सांगतायत, खरंय का?

नॉनस्ट्रायकर: खरंय रे. डावखुरा स्पिनर, त्यातल्या ७५ फर्स्ट क्लास, म्हणजे वरच्या दर्जाच्या मॅचमधल्या. कॅप्टन पतियाळाचे महाराज, पण ते बऱ्याच मॅचना नव्हतेच 😄 लीस्टरशायर आणि सॉमरसेट या इंग्लिश काउंटी टीमना हरवलं, बाकी धुलाईच जास्त.

दादरची_मावशी: आणि हेच बाळू पुण्यात खेळायचे तेव्हा दलित म्हणून त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. विकेट चालायच्या, कपबशी नाही!

गिरगावकर: बापरे. आजोबांना सॉरी म्हणतो.

नॉनस्ट्रायकर: धाकटा भाऊ शिवराम पण होता टीममध्ये, सॉमरसेटविरुद्ध सेंच्युरी ठोकली, तेही सांग त्यांना