छावणीत खिचडी शिजवा म्हणणाऱ्यांना

कोरडवाहू:
काल एकाने इथे लिहिलं, “सुदानच्या छावण्यांत कुपोषित पोरांना शेंगदाणा-पेस्टची पाकिटं वाटणं ही परदेशी कंपन्यांची सोय. गरम खिचडी द्या, पोरं आपोआप बाळसं धरतील.” डोकं फिरलं. दारफुरच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्येच उपासमारीचा दुष्काळ जाहीर झाला होता. एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफने, म्हणजे सरकारी सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी फौजेने, छावणीच ताब्यात घेतली. शेजारच्या एल फाशरमध्ये वेढ्यात अडकलेली माणसं अंबाझ, म्हणजे तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची पेंड, खाऊन जगली. तिथे सरपण कुठलं आणि डाळ कुठली? पाकीट ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरी, ना पाणी लागतं ना चूल. दंडाचा घेर साडेअकरा सेंमीच्या आत गेलेलं, म्हणजे अतिकुपोषित, पोर ताटभर खिचडी संपवेल?

दीडशहाणा:
वाक्य माझंच, नाव घ्यायला लाजू नका. शेंगदाणा सुदानात पिकतो, पाकीट बाहेरून येतं. यात काहीच खटकत नाही?

कोरडवाहू:
खार्तूममध्ये कारखाना होता की! देशाची ६० टक्के गरज भागवायचा. मे २०२३ मध्ये लढाईत जळाला. आता बोला.

सिस्टरताई:
सुदान राहू द्या, मेळघाटात या. मी तिथे काढलीत वर्षं. ग्राम बाल विकास केंद्रात कुपोषित पोरांना दिवसातून अनेकदा भरवायचं, हे कागदावर. मदतनीस एकटी, तिचं मानधन थकलेलं. पाकीट दिलं तर दुपारी अर्धं थोरल्याच्या हातात. आई म्हणते, “दोघंही भुकेली, एकालाच कसं देऊ?” द्या उत्तर.

बांधावरचा:
आमच्या गावात टीएचआर, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा पाकीटबंद आहार, म्हशी खातात. पाकिटाचं कौतुक मला सांगू नका. टेंडर कोणाचं, ते आधी बघा!

कोरडवाहू:
टीएचआर वेगळं, हे वेगळं. आणि तुमच्या गावावर ड्रोन पडतात का हो?

बांधावरचा:
एसीत बसून दारफुर शिकवू नका.

दीडशहाणा:
बरं बाबा, वेढ्यात पाकीटच. शाल-श्रीफळ पाठवतो. पण फाशरमध्ये वेढ्यातही लोकांनी वर्गणी काढून तकाया, म्हणजे वस्तीची स्वयंपाकघरं, चालवली. ती खिचडीच ना?

कोरडवाहू:
चालवली, मान्य. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने पैसा गोठवला तेव्हा सुदानभर अशी शेकडो बंद पडली. ती टिकवायला पैसा मागा, मीही सही करतो. पाकिटं बंद करा म्हणाल तर नाही.

सिस्टरताई:
मदतनीसाच्या थकलेल्या मानधनावर एकही प्रतिसाद नाही. छान.