प्रभाग रचना ‘नियमानुसार’ झाली म्हणे!

ओढ्याकाठचा: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, ‘प्रभाग रचना ही निव्वळ आकडेमोड आहे, पडलेले उमेदवारच त्यावर बोंबलतात.’ मी कधी सोसायटीची निवडणूकही लढलो नाही, तरी बोंबलतो. महापालिकेचे प्रभाग आखायचे नियम मलाही पाठ आहेत. उत्तरेकडून सुरुवात, मग ईशान्य, पूर्व, तिथून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग, फोडायचा नाही. सरासरी लोकसंख्येच्या १० टक्के वर-खाली चालतं. हद्द नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता बघून न्यायची. उत्तम! आता आमची हद्द बघा. ओढ्याच्या कडेकडेने शहाण्यासारखी येते, पुलापाशी अचानक गल्लीत शिरते, पलीकडच्या दोन सोसायट्या पोटात घालते आणि पुन्हा ओढ्यावर. ओढा तर सरळ वाहतोय. हरकत दिली. सुनावणीला तीन मिनिटं मिळाली, त्यातलं एक माझं नाव नीट लिहून घेण्यात गेलं. निकाल: रचना नियमानुसार, हरकत अमान्य.

निवृत्त लेखनिक: ते महाशय मीच. ओढा सरळ असेल, प्रगणक गट सरळ नसतो. जनगणनेला मी स्वतः घरं मोजलीत. गट म्हणजे साधारण सहाशे-सातशे माणसं. तो ओढ्यापलीकडे पसरला असेल तर हद्दही त्याच्यामागे जाणार. गट फोडला असता तर तुम्हीच कोर्टात गेला असता.

ओढ्याकाठचा: कुठली जनगणना? २०११ चीच ना? तेव्हा त्या दोन सोसायट्यांच्या जागी नुसता खड्डा होता, पावसाळ्यात पोरं त्यात म्हशी डुंबवायची. मोजलंत कुणाला, म्हशींना?

निवृत्त लेखनिक: बरं, खड्डा तर खड्डा. आकडे जुने आहेत हे मान्य. नवे कुठून आणू, घरून? २०२१ ची जनगणना झालीच नाही, हा काय माझा गुन्हा?

चार_बटणं: रेषा कुठूनही न्या हो, खरं दुखणं चारच्या प्रभागाचं आहे. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक, आम्हाला चार. गटाराचं झाकण गेलं म्हणून फोन केला. ‘अ’ जागेचे नगरसेवक म्हणाले ते ‘क’ बघतात, ‘क’ म्हणाल्या निधी ‘ब’कडे आहे, आणि ‘ड’चा फोन त्यांचे यजमान उचलतात. शेवटी झाकणाच्या जागी आम्हीच कुंडी ठेवली. अजून तिथेच आहे, जास्वंदीला कळ्याही आल्यात.

माहेरवाशीण: यजमानांचा टोमणा कळला. एकाच्या प्रभागात यजमान नव्हते का? उलट चारांत दोन जागा बायकांच्या, दर वेळी. एकाच्या प्रभागात आरक्षण फिरलं की पाच वर्षं राबलेली बाई घरी बसते. माझी मावशी बसली.

चार_बटणं: मावशींबद्दल आदर आहे. कुंडीचं काय करू?

पेठेतला: पुण्याला विचारा. २००२ ला तीनचा, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मग पुन्हा तीनचा ठरला आणि सरकार बदलल्यावर परत चारचा. हे कुठल्या प्रगणक गटाने सांगितलं, लेखनिकसाहेब?

निवृत्त लेखनिक: तो धोरणाचा भाग. मी फक्त नकाशाबद्दल बोलत होतो.

ओढ्याकाठचा: मग नकाशाचंच बोला! मार्च २०२२ मध्ये रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतले, तेव्हा विधिमंडळात सत्ताधारी-विरोधक एकाच सुरात होते. खेळणाऱ्यानेच मैदान आखायचं!

निवृत्त लेखनिक: आवाज चढवू नका, अंतिम मान्यता आयोगच देतो. आणि आयोगाकडे अधिकार होते तेव्हाही कर्मचारी महापालिकेचेच बसायचे. मीही बसलोय.

पेठेतला: अरे वा, म्हणजे पोटात घातलेल्या सोसायट्या तुमच्याच हातच्या?

निवृत्त लेखनिक: त्या नव्हे. पण एक वस्ती मधोमध कापली गेली, ती माझ्या टेबलावर. दलित वस्ती शक्यतो फोडू नये, असं लिहिलेलं होतं. साहेबांनी ‘शक्यतो’वर बोट ठेवलं.

चार_बटणं: तक्रार ओढ्याकाठच्यांची, कबुली तुमची. कुंडीचं मात्र कुणीच बोलत नाही.